ग्रीनबर्ग म्हणाला म्हणून चित्रं सपाट झाली का?

तू विचारलंस की क्लेमेंट ग्रीनबर्ग नावाच्या समीक्षकानं 'चित्र सपाट हवं' असा नियम सांगितला आणि मग अमेरिकेतले चित्रकार सपाट अमूर्त चित्रं काढायला लागले असं तुझ्या नोट्समध्ये आहे, ते कितपत खरं, आणि एका लिहिणाऱ्या माणसाचं चित्रकारांवर एवढं चालतं का. मी तीस वर्षं चित्रं काढतेय, त्यातली बावीस शिकवतेय, आणि या माणसाशी माझं मनातल्या मनात भांडण कायम चालू असतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिलं म्हणजे नोट्समधला क्रम उलटा आहे. चित्रकारांनी आधी केलं, यानं ते बघितलं, त्याला नेमके शब्द दिले, आणि पुढच्या लोकांनी त्या शब्दांचा नियम केला. प्रभाव पडला, जबरदस्त पडला, पण लेखांतून जेवढा पडला त्याहून जास्त स्टुडिओत चित्रासमोर उभं राहून पडला. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं सगळं ते का म्हणते त्यासाठी.

माणूस कोण होता ते थोडक्यात बघ. जन्म १९०९, न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, लिथुआनियाकडून आलेलं ज्यू कुटुंब. लिहायला लागला तेव्हा पोटासाठी न्यूयॉर्क बंदरात कस्टम्सची नोकरी, तीही वाइन आणि दारूच्या विभागात. १९३९ मध्ये 'पार्टिझन रिव्ह्यू' या मासिकात 'अवाँ-गार्द अँड किच' हा लेख आला आणि नाव झालं, मग १९४२ ते ४९ 'द नेशन' साप्ताहिकात कलेवर लिहायचा. पण याच्या आधीची एक गोष्ट लोक विसरतात. १९३८-३९ च्या सुमारास तो हान्स हॉफमन या जर्मन चित्रकाराची व्याख्यानं ऐकायला जात होता. हॉफमन न्यूयॉर्कमध्ये स्वतःची चित्रशाळा चालवायचा, पृष्ठभागाचा ताण, रंगांनीच खोली कशी तयार होते, एक रंग पुढे येतो एक मागे जातो, हे सगळं तो चित्रकारांना शिकवत होता. म्हणजे ज्या दृष्टीबद्दल आपण 'ग्रीनबर्गची' म्हणतो तिचं मूळ एका काम करणाऱ्या चित्रकाराच्या वर्गात आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चित्रकलेतली बहुतेक चांगली समीक्षा अशीच कुठल्या तरी स्टुडिओत ऐकलेल्या बोलण्यातून येते.

आता रूपवाद, म्हणजे कलाकृती विषयावरून नाही तर तिच्या रूपावरून जोखणं. मराठी वाचणाऱ्याला हा परका विषय नाहीये गं, मर्ढेकर आठव. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचं जे लयतत्त्व मांडलं, संवाद, विरोध आणि समतोल, त्याचा गाभा हाच होता की कलाकृतीचं मोठेपण तिच्या विषयात नसतं, तिच्यातले घटक एकमेकांशी कसे बांधलेत त्यात असतं. झाड काढलंय की देव काढलाय यानं चित्र चांगलं-वाईट ठरत नाही. ग्रीनबर्गही इथूनच निघतो. पण फरक कुठे पडतो तर मर्ढेकरांची लय सगळ्या कलांना मिळून एकच, माध्यम तेवढं वेगळं, आणि ग्रीनबर्गला हवं होतं ते नेमकं असं काहीतरी जे फक्त चित्राकडेच आहे, दुसऱ्या कुठल्याच कलेकडे नाही. १९४० च्या 'टुवर्ड्स अ न्यूअर लाओकून' मध्ये हे सुरू होतं आणि १९६० च्या 'मॉडर्निस्ट पेंटिंग' मध्ये पूर्ण होतं (हे मुळात व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओसाठी केलेलं भाषण होतं). युक्तिवाद साधारण असा, की गोष्ट साहित्य सांगतं, घनता शिल्पाकडे आहे, प्रसंग नाटकाकडे, मग चित्राकडे स्वतःचं काय उरतं, तर सपाट पृष्ठभाग. माने, सेझान, क्यूबिस्ट, या सगळ्यांना तो एका ओळीत उभं करतो आणि म्हणतो, बघा, प्रत्येकानं चित्रातून काहीतरी परकं काढून टाकत आणलंय आणि सपाटपणा कबूल करत आणलाय.

यात एक बारीक गोष्ट आहे जी नोट्समध्ये कधीच नसते. 'मॉडर्निस्ट पेंटिंग' मध्येच तो सांगतो की कॅनव्हासवर पहिली खूण उमटली की पूर्ण सपाटपणा मोडतो. संपूर्ण सपाट चित्र असूच शकत नाही. उरते ती डोळ्याला जाणवणारी खोली, जिच्यात नजरेनंच फिरता येतं, पायांनी चालत जाता येईल असं वाटत नाही. हे तू स्वतः करून बघितलंयस की, पांढऱ्यावर एक निळा ठिपका ठेवला की तो लगेच एकतर पुढे येतो नाहीतर भोक पडल्यासारखा आत जातो. आणि १९७८ मध्ये जुन्या लेखाला जोड देताना त्यानं तक्रार केली की मी झालेल्या गोष्टीचं वर्णन केलं होतं, असंच करा असं सांगितलं नव्हतं. मला हे अर्धंच पटतं, कारण सांगायच्या दुसऱ्या जागाही त्याच्याकडे होत्या, त्याकडे येतेच.

पोलॉकचं उदाहरण घे, तारखा लावून बघितल्या की क्रम स्पष्ट होतो. नोव्हेंबर १९४३ मध्ये पेगी गुगनहाइमच्या गॅलरीत जॅक्सन पोलॉकचं पहिलं एकल प्रदर्शन, ग्रीनबर्गनं त्यावर 'नेशन' मध्ये लिहिलं. १९४५ मध्ये त्यानं पोलॉकला त्याच्या पिढीतला सगळ्यात ताकदीचा चित्रकार म्हटलं. कॅनव्हास जमिनीवर पसरून रंग ठिबकवायला, ओतायला पोलॉकनं जोरात सुरुवात केली १९४७ मध्ये. आणि 'द क्रायसिस ऑफ द ईझल पिक्चर', म्हणजे ईझलवरच्या (चित्र उभं ठेवायच्या घोडीवरच्या) चित्राची जुनी रचना मोडून सगळ्या पृष्ठभागाला सारखाच भार देणारं चित्र आलंय हा लेख, तो एप्रिल १९४८ चा. आधी हात, मग शब्द. पण ऑगस्ट १९४९ मध्ये 'लाइफ' मासिकानं पोलॉकवर मोठा लेख छापला, हा अमेरिकेतला सर्वात मोठा हयात चित्रकार आहे का असं मथळ्यात विचारलं आणि आतमध्ये न्यूयॉर्कच्या एका भारदस्त समीक्षकाचा हवाला दिला. नाव न घेताही तो कोण हे कळत होतं. इथून पुढे समीक्षकाच्या मताला बाजारात किंमत आली आणि त्यानंतर तो काय म्हणतो हे चित्रकारांना ऐकावं लागलं. पोलॉकलाही. १९५५ मध्ये 'अमेरिकन-टाइप पेंटिंग' या लेखात ग्रीनबर्गनं लिहिलं की पोलॉकच्या १९५४ च्या प्रदर्शनात पहिल्यांदाच ओढूनताणून केलेली चित्रं दिसली. ज्यानं वर नेलं त्यानंच असं लिहिलं. पोलॉक आधीच दारूत बुडत होता, पुढच्या वर्षी गाडीच्या अपघातात गेला. त्या लेखामुळे गेला असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण हे वाक्य वाचताना मला दरवेळी त्रास होतो.

आता येते ती गोष्ट जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. ऑक्टोबर १९५२, अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर, वय २३. नोव्हा स्कोशियातून उन्हाळा काढून परत आलेली, डोक्यात तिथला समुद्र आणि डोंगर. साधारण ७ बाय १० फुटांचा कॅनव्हास जमिनीवर, प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, न लावलेला, कोराच. कोळशानं थोड्या रेषा, आणि मग टर्पेंटाइननं पार पाण्यासारखा पातळ केलेला ऑइल कलर ओतला. रंग कापडावर बसला नाही, कापडात शिरला. 'माउंटन्स अँड सी'. विचार कर, तोपर्यंत बहुतेकांसाठी रंग म्हणजे कापडावरचा थर, जाड असो पातळ असो, वर बसलेला. इथे रंग आणि कापड वेगळे राहिलेच नाहीत. एप्रिल १९५३ मध्ये ग्रीनबर्गनं वॉशिंग्टनहून आलेल्या दोघा चित्रकारांना, मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंडला, तिच्या स्टुडिओत हे चित्र दाखवायला नेलं. लुईस नंतर म्हणाला की पोलॉक आणि पुढे जे शक्य होतं ते, यांच्यामधला पूल म्हणजे ती. दोघं घरी गेले आणि त्यांचं काम बदललं. एका भेटीनं बदललं. या दिवशी ग्रीनबर्गनं लेख लिहिला नव्हता, कुणाला कुठल्या चित्रासमोर उभं करायचं एवढंच ठरवलं होतं, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच. (आणि याचं श्रेय देताना पुस्तकं त्याचं नाव आधी घेतात, तिचं नंतर. चित्र तिचं होतं.)

तंत्राबद्दल थोडं सांगते कारण तू स्वतः ओतकाम करतेयस. ऑइल कलर कोऱ्या सुती कापडावर टाकला की जवसाचं तेल रंगाच्या पुढे पळतं, डागाभोवती पिवळट कडा येते, आणि तेल सुकताना धागा ठिसूळ करतं. मी विशीत असताना असली चित्रं छापील पानांवर बघून मांजरपाटावर तसंच करायला गेले, प्रायमर न लावता, सहा चित्रं केली, दिसायला सुंदर होती, आणि पंधराएक वर्षांनी फ्रेमवरून उतरवताना कापड रंगाच्या कडेनं भाजलेल्या पापडासारखं तुटलं. सहाच्या सहा गेली. छापील पानावर कापडाचं काहीच कळत नाही ना. लुईसनं मॅग्ना नावाचे रंग वापरले, ते टर्पेंटाइनमध्ये विरघळणारं अॅक्रिलिक होतं, तेल नव्हतं, म्हणून कडाही येत नाही आणि कापडही टिकतं. फ्रँकेंथेलर पण साठच्या दशकात अॅक्रिलिकवर आली. म्हणजे ज्याला लेखात 'रंग आणि पृष्ठभागाचं एकरूप होणं' म्हटलं जातं ते कारखान्यात तयार झालेल्या एका नव्या रेझिनमुळेही शक्य झालं, ही बाजू रूपवादी समीक्षेत फारशी येत नाही, आणि येत नाही याचं मला आश्चर्य वाटतं, कारण माध्यम माध्यम म्हणत बसलेला माणूस तो.

आणि आता भेटींची दुसरी बाजू. लुईस वॉशिंग्टनच्या घरात १२ बाय १४ फुटांच्या जेवणाच्या खोलीत काम करायचा, चित्र झालं की गुंडाळून ठेवायचा, पुढचं घ्यायचा. खोलीपेक्षा मोठी चित्रं त्या खोलीत झाली. त्यामुळे पुष्कळ चित्रांची कड कुठे कापायची, कोरं कापड किती ठेवायचं, वरची बाजू कुठली, हे त्यानं पक्कं केलेलंच नव्हतं. सप्टेंबर १९६२ मध्ये तो फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला आणि गुंडाळ्या राहिल्या, आणि अशा कित्येक चित्रांचे हे निर्णय ग्रीनबर्गच्या सल्ल्यानं झाले. तू कधी अमूर्त चित्र उलटं टांगून बघितलंयस? भार बदलतो, वरून खाली वाहणारा रंग खालून वर उठायला लागतो, वेगळंच चित्र होतं. म्हणजे ती चित्रं किती लुईसची आणि किती सल्लागाराची, हा प्रश्न मला खरा वाटतो. लुईस हयात असतानाही ग्रीनबर्गची मतं विचारायचा, मानायचा, त्यामुळे सरळ अन्याय झाला असंही म्हणता येत नाही.

पण डेव्हिड स्मिथच्या बाबतीत म्हणता येतं, आणि मी म्हणते. स्मिथ हा पोलादाचा शिल्पकार, जोडकाम वेल्डिंगचं, आणि तो शिल्पं रंगवायचा. ग्रीनबर्ग त्याला अमेरिकेतला थोर शिल्पकार मानायचा पण त्याचे रंग त्याला पटत नव्हते. १९६५ मध्ये स्मिथ अपघातात गेला, ग्रीनबर्ग त्याच्या मालमत्तेच्या विश्वस्तांपैकी एक झाला, आणि पुढच्या काही वर्षांत काही शिल्पांवरचा पांढरा रंग काढून टाकला गेला, काही उघड्यावर पावसापाण्यात तशीच राहिली. १९७४ मध्ये रोझालिंड क्राऊसनं, जी आधी याच माणसाच्या प्रभावाखाली लिहायला लागली होती, तिनं 'आर्ट इन अमेरिका' मध्ये ते फोटोंसकट बाहेर काढलं. ग्रीनबर्गच्या बाजूनं असं सांगितलं जातं की तो पांढरा रंग नुसता प्रायमर होता, वर रंग यायचा राहिला होता. असेल. पण स्वतः स्मिथनं १९६० मध्ये त्याच्या एका शिल्पावरचा लाल रंग कुणीतरी काढला म्हणून जाहीर पत्र लिहून ते शिल्प आता माझं नाही असं सांगितलं होतं. एवढं स्पष्ट सांगून ठेवलेल्या माणसाच्या कामाला हात लावायचा नसतो. इथे नजर एवढी पक्की झाली होती की समोरच्या वस्तूपेक्षा नजरच मोठी ठरली. रूपवादाचा धोका विचारशील तर मी पुस्तकातले मुद्दे नाही देणार, ही शिल्पं दाखवीन.

मधल्या काळात वर्णनाचा नियमही झालाच. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये त्यानं 'पोस्ट-पेंटर्ली अॅब्स्ट्रॅक्शन' हे ३१ चित्रकारांचं प्रदर्शन लावलं, उघडे स्वच्छ रंग, स्पष्ट कडा किंवा भिजवलेले डाग, ब्रशचा ठसा नाही. एकदा प्रदर्शन लागलं की तरुण पोरं त्याकडे यादी म्हणून बघतात, मी पण बघितलं असतं. लंडनमध्ये शिल्पकार अँथनी कॅरोकडे तो १९५९ मध्ये गेला, तोवर कॅरो मानवाकृती करायचा, १९६० मध्ये तो पोलादाचे पत्रे वेल्ड करायला लागला आणि इंग्लंडमधलं शिल्पच बदललं. आणि त्याच शहरात १९६६ मध्ये सेंट मार्टिन्स या कलाशाळेत शिकवणाऱ्या जॉन लॅथम या कलाकारानं तिथल्या लायब्ररीतून ग्रीनबर्गचा निबंधसंग्रह आणला, विद्यार्थ्यांना बोलावून पानं चावायला लावली, लगदा रसायनात घालून कुपीत भरून लायब्ररीला परत केला. त्याची तिथली नोकरी गेली. पिढीला किती घुसमटल्यासारखं झालं असेल ते यावरून कळतं. बाकी हॅरॉल्ड रोझेनबर्ग या दुसऱ्या समीक्षकानं १९५२ मध्येच म्हटलं होतं की कॅनव्हास म्हणजे कृती करायची जागा आहे, आणि समीक्षक लिओ स्टाइनबर्गनं पुढे दाखवलं की राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराची चित्रं भिंतीपेक्षा टेबलासारखी आहेत, वस्तू येऊन पडाव्यात तशी. हे दोघं जरूर वाच, मला स्टाइनबर्ग जास्त जवळचा.

आपल्याकडे याचा प्रभाव आला का, हेही विचारलंयस. लोक पटकन गायतोंडेंचं नाव घेतात. वासुदेव गायतोंडे १९६४-६५ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला होते हे खरं, पण ते त्याच्या आधीच, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटाला आकृती सोडून आले होते, आणि स्वतःच्या कामाला ते अमूर्त न म्हणता 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे. त्यांचा ओढा चित्रकार पॉल क्लेकडे होता, झेनकडे होता. रोलरनं, नाइफनं थर चढवून परत उतरवायचे, त्यामुळे पृष्ठभागाच्या आतून उजेड आल्यासारखा वाटतो. तिथे सपाटपणाचा हिशेब लावत बसलीस तर चित्र हातातून निसटेल. पुढे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमचं 'टू डेकेड्स ऑफ अमेरिकन पेंटिंग' हे प्रदर्शन दिल्लीला ललित कला अकादमीत आलं, त्या निमित्तानं ग्रीनबर्ग स्वतः भारतात व्याख्यानं देऊन गेला. तरी मला जो धागा खरा वाटतो तो वेगळाच आहे. बार्नेट न्यूमन या अमेरिकन अमूर्त चित्रकाराची १९५० आणि ५१ ची प्रदर्शनं साफ पडली होती, त्यानं एकल प्रदर्शनं करणंच थांबवलं होतं, आणि त्याच्यासाठी लावून धरून १९५८-५९ मध्ये त्याला परत भिंतीवर आणण्यात ग्रीनबर्गचा मोठा हात होता. १९६८ मध्ये आपले चित्रकार तय्यब मेहता न्यूयॉर्कला गेले आणि न्यूमनच्या चित्रासमोर उभे राहिले. परत आल्यावर त्यांच्या चित्रात सपाट रंगाची मोठी क्षेत्रं आली आणि कॅनव्हास चिरत जाणारा तो तिरका पट्टा आला. पण मेहतांनी त्या सपाट रंगात काय ठेवलं, तर तुटलेली माणसं. फाळणीच्या वेळी मुंबईत त्यांनी एका माणसाला रस्त्यावर जमावानं मारताना बघितलं होतं, ते आयुष्यभर गेलं नाही. सपाट रंग आणि तिरका पट्टा त्यांना त्या माणसासाठी हवा होता, आणि ग्रीनबर्गच्या चौकटीत या माणसाला जागाच नाही. तरी तो रंग आणि तो पट्टा ग्रीनबर्ग, न्यूमन या वाटेनंच आले ना. म्हणून मी म्हणते की प्रभाव म्हणजे नोट्समध्ये असतो तसा वरून खाली येणारा नियम नसतो, तो असा एकेका चित्रासमोर उभं राहून पुढे सरकतो आणि समोरच्याला हवा तसा वळतो.

वाचायचं असेल तर 'मॉडर्निस्ट पेंटिंग' आधी नको वाचूस, त्याची 'नेशन' मधली छोटी परीक्षणं आधी वाच. त्यात तो एका प्रदर्शनातलं कुठलं चित्र कोपऱ्यात कसं ढिलं पडलंय, कुठला रंग जड झालाय हे सांगतो, आणि तिथे तो खरंच ग्रेट आहे. स्टुडिओत तो म्हणे पाठ करून उभा राहायचा आणि चित्र लावून झालं की झटकन वळून बघायचा, म्हणजे डोक्यात काही सुरू व्हायच्या आधी डोळ्याला काय दिसतं ते पकडायचं. हे मी वर्गात करायला लावते, तुलाही लावलंय, आणि त्याचा उपयोग होतो हे तू बघितलंयस.

तुझा तो मोठा कॅनव्हास, निळा ओतलेला, रविवारी घेऊन ये, गुंडाळूनच आण, इथे जमिनीवर पसरू आणि चारी बाजूंनी फिरून बघू. फक्त यायच्या आधी मागच्या बाजूला पेन्सिलीनं सही कर, तारीख टाक, आणि वर कुठली बाजू त्याचा बाण काढ, कड कुठे दुमडायची त्याची रेघही मार. मी एक शब्द बोलायच्या आधी ते झालेलं असू दे.